खालून येणारा गारठा

२९ डिसेंबर २०१८च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. त्याआधीची सर्वांत थंड नोंद ३.९ अंशांची होती, ७ जानेवारी १९३७ची. ती ऐंशीहून अधिक वर्षं टिकून होती. मे महिन्यात सत्तेचाळीस अंश सोसणाऱ्या या मुलखात माणूस थंडीने दगावेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. म्हणून डिसेंबरअखेरच्या रात्रीला इथे येणारा पाहुणा गाफील असतो.

पुढचा घटनाक्रम अशाच एका रात्रीचा आहे, भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीजवळच्या एका शेतातला. त्यातली माणसं आणि ते शेत मी कल्पिलेलं आहे. पारा कसा उतरत जातो, अंगातली ऊब कुठून निसटते आणि माणसाचं डोकं कोणत्या क्रमाने चालेनासं होतं, हे मात्र अशा रात्रीत जसं घडतं तसंच मांडलं आहे. दोन झाडांना हॅमॉक बांधून उघड्यावर झोपण्याची हौस आता आपल्या तरुणांमध्येही रुजली आहे. चांगली हौस आहे. पावसाळ्यात साप-विंचवापासून, चिखलापासून उचलून धरणारं इतकं हलकं अंथरूण दुसरं नाही. पण हॅमॉक घरपोच येतो तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला काय लावायचं हे त्या पुड्यात कुठेही लिहिलेलं नसतं, आणि विकत घेणाऱ्याला तो प्रश्न पडलेलाही नसतो.

दुपारी ३:३० — पंधरा तास वीस मिनिटं आधी

सव्वीस वर्षांचा तरुण नागपूरहून सायकलने साकोलीत पोचतो. मौदा, भंडाऱ्याचा वैनगंगेवरचा पूल, लाखनी, मग साकोली. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे शंभरएक किलोमीटर. उद्या सकाळी पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात सफारी आहे. अभयारण्यात असं कुठेही झोळी बांधून राहता येत नाही हे त्याला माहीत आहे, म्हणून मित्राच्या ओळखीने त्याने फाटकाच्या अलीकडच्या एका शेतात रात्रीची परवानगी मिळवली आहे.

सकाळी तर्री-पोहे खाल्ले होते. नंतर बिस्किटं आणि दोनदा चहा. अंगातला सुती टी-शर्ट घामाने भिजून, वाळून, पुन्हा भिजला आहे.

ही माहिती क्षुल्लक वाटेल. पण रात्री हुडहुडी भरते तेव्हा स्नायू जी साखर जाळतात, तीच दिवसभर पायडल मारताना जळलेली असते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनचा तो एकच साठा. तरुण शेतावर येतो तेव्हा तो बराचसा रिकामा आहे.

दुपारी ४:४५ — चौदा तास पाच मिनिटं आधी

शेत एका जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीखाली आहे. भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या अशा तलावांमुळे. धान कापून झालं आहे, त्याचे ढीग, म्हणजे पुंजणे, रचले आहेत, काहींची मळणीही आटोपली आहे. खालच्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, तलावाचं पाणी घेऊन उन्हाळी धानाचे पऱ्हे, लावणीची रोपं, टाकले आहेत. त्या बांधीच्या कडेला दोन मोह, हॅमॉकसाठी मापून लावल्यासारखे. तो तिथेच पट्टे बांधतो.

शेतमालक बघायला येतात.

"इथंच झोपता काय जी?"

"हो मामाजी. झाडाला बांधलं की झालं."

"खाली काई टाकाचं नाई का? खालून लय गारठा लागते."

"स्लीपिंग बॅग आहे ना. पाच डिग्रीची आहे."

"तणसाचा भारा देऊ काय? पुंजण्यापाशी पडला आहे."

"नको मामाजी, उगीच कशाला त्रास."

इथे थांबायला हवं, कारण या रात्रीचा खरा निकाल इथेच लागला. मामाजींना हॅमॉक माहीत नव्हता, पण जागल माहीत होती. रानडुकरांपासून धान राखायला शेतात माळा बांधून पडणारा माणूस आधी माळ्यावर तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, घालतो, चांगलं हातभर, आणि मग त्यावर घोंगडी. खालून वारा खेळतो तिथे अंगावर कितीही घेतलं तरी पुरत नाही, हे तो बापाकडून शिकलेला असतो. मंडईच्या जत्रेच्या दिवसांत रात्रभर चालणारं नाटक बघायला बसणारी बायामाणसंही आधी बुडाखाली बोरा अंथरतात, मग चादर ओढतात. घरात लेकराची झोळी बांधतानाही आई आधी तळाला गोधडीची घडी घालते आणि मगच बाळ ठेवते. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीला ऊब तळापासून रचायची असते हे ठाऊक आहे.

"पाच डिग्रीची" या शब्दांवर त्याने भरवसा ठेवला. स्लीपिंग बॅगवरचे अंश आयएसओ २३५३७ या प्रमाणानुसार ठरतात. शीतकक्षात माणसाच्या आकाराचा तापवलेला पुतळा बॅगेत झोपवतात आणि त्याला गरम ठेवायला किती ऊर्जा लागते ते मोजतात. तो पुतळा चटईवर, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या मॅटवर, ठेवलेला असतो. पाच हा आकडा बॅग आणि मॅट या जोडीचा आहे. बॅगेतले कृत्रिम तंतू किंवा पिसं ऊब देतात ती फुगून, आपल्यात हवा अडकवून. पाठीखाली साठसत्तर किलोंचं ओझं आलं की तो फुगवटा चपटा होतो, हवा निघून जाते आणि उरतात नायलॉनचे दोन पदर. जमिनीवर ही उणीव मॅट भरून काढते. हॅमॉकमध्ये मॅट नसेल तर पाच डिग्रीची बॅग छातीवर पाच डिग्रीची असते आणि पाठीखाली जवळजवळ नसतेच.

जमिनीवर मॅटशिवाय झोपणाऱ्यालाही गारठा लागतो, पण जमीन निदान स्थिर असते. अंगाखालची माती हळूहळू थोडी तापते. हॅमॉकखालची हवा तापली की हलकी होऊन बाजूने निघून जाते आणि तिच्या जागी ताजी, थंड हवा येते. ते रात्रभर चालू राहतं.

सायंकाळी ६:०० — बारा तास पन्नास मिनिटं आधी

साडेपाचनंतर सूर्य गेला. आभाळ स्वच्छ आहे, एक ढग नाही. फोटोसाठी उत्तम आणि झोपणाऱ्यासाठी वाईट. निरभ्र आकाशाखाली जमीन आपली उष्णता थेट वर सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार होते, जड होते आणि उताराने खाली ओघळते. धानाच्या बांध्या असतातच खोलगट. गावातल्या अंगणापेक्षा बांधीतला पारा पहाटेपर्यंत एकदोन अंशांनी तरी खाली जातो. शेजारी तलाव आणि ओली बांधी असल्याने हवेत दमटपणा आहे. दव पडणार.

त्याच्याकडे ताडपत्रीचा हलका तुकडा आहे. तारे बघायचे म्हणून तो बांधत नाही. टी-शर्ट बदलत नाही, कारण तो अंगावर वाळल्यासारखा वाटतो. सुताच्या धाग्यात राहिलेला ओलावा हाताला कळत नाही, पाठीला पुढच्या सहा तासांत कळतो.

हवा १६ अंश.

रात्री ७:४५ — अकरा तास पाच मिनिटं आधी

थंड पराठे, लोणचं, आणि रमची क्वार्टर. अंग गरम झाल्यासारखं वाटतं. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, आतलं गरम रक्त पृष्ठभागावर येतं आणि ऊब बाहेर जाते. शिवाय यकृत दारू निपटण्यात गुंतलं की नवी साखर तयार करायचं काम मागे पडतं.

रात्री ९:१५ — नऊ तास पस्तीस मिनिटं आधी

तो हॅमॉकमध्ये शिरतो. हवा ११ अंश. पहिला अर्धा तास सुखाचा जातो, आणि फसवणूक होते ती त्याच अर्ध्या तासात. रमने आलेला उबदारपणा अजून उतरायचा आहे.

थोडा हिशेब मांडतो, ढोबळच, पण त्याशिवाय पुढची रात्र समजणार नाही. झोपलेल्या माणसाचं शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता तयार करतं. हॅमॉकला टेकलेला पाठीकडचा भाग अर्धा चौरस मीटर धरू. कातडी ३३ अंश, मध्यरात्रीनंतरची हवा ७ अंश, फरक २६ अंशांचा. मधे फक्त चपटी झालेली बॅग, टी-शर्ट आणि नायलॉन असेल तर पाठीखालून सुमारे ६५ वॅट निघून जातात. म्हणजे शरीराची जवळजवळ सगळी कमाई एकट्या पाठीखालून. डोकं, श्वास, छाती, पाय यांचा खर्च वेगळाच. झुळूक सुटली तर हा आकडा ८५च्या पुढे जातो.

आता पाठीखाली एक सेंटिमीटर जाडीचा बंद पेशींचा फोम घाला, तंबूवाले वापरतात तो. गळती ३० वॅटच्या आत येते. वजनाने दबून चार बोटं उरलेलं तणस असेल तर दहाबारा वॅटवर येते. छातीवर तिसरं पांघरूण घेऊन यातलं काही साधत नाही, कारण भोक दुसऱ्या बाजूला आहे.

आता निवडीविषयी. फोमची मॅट स्वस्त, पाण्याला न जुमानणारी आणि न फुटणारी. पण ती अरुंद असते, पन्नासएक सेंटिमीटर. हॅमॉक अंगाला कवेत घेतो म्हणून खांदे आणि दंड मॅटच्या बाहेर जाऊन कापडाला टेकतात आणि नेमके तिथेच गारठतात. खांद्याच्या उंचीवर फोमचा एक आडवा तुकडा जोडला की प्रश्न सुटतो. हॅमॉक दुपदरी असेल तर मॅट दोन पदरांच्या मधे सारावी, रात्री सरकत नाही. हवा भरायच्या गाद्यांत आत उष्णतारोधक थर नसेल तर त्या फसव्या असतात, आतली हवा फिरत राहते आणि ऊब खाली पोचवते. साधी योगा मॅट पातळ, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरी.

हॅमॉकसाठीच जन्मलेली गोष्ट म्हणजे अंडरक्विल्ट, बाहेरून खाली टांगायची रजई. ती अंगाच्या ओझ्याखाली येत नाही, म्हणून दबत नाही आणि तिचा फुगवटा शाबूत राहतो. माझ्या मते ज्याला वारंवार हॅमॉकमध्ये झोपायचं आहे त्याने हॅमॉकवर कमी आणि या रजईवर जास्त खर्च करावा. तिचं सगळं यश बांधणीत आहे. सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा खेळतो आणि ती असून नसल्यासारखी होते. फार ताणली तर ती चपटी होते. झोपल्यावर हात खाली घालून तपासायचं, रजई कापडाला नुसती लागलेली हवी आणि दोन्ही टोकं आवळलेली. दव पडणाऱ्या तलावाकाठी पिसांपेक्षा कृत्रिम तंतूंची रजई भरवशाची, कारण ओली पिसं गोळा होतात. कापसाची गादी तर टाळावीच. ती दबते, दव पिते आणि पहाटेपर्यंत जड, थंड होऊन बसते. लोकरीची घोंगडी ओली झाली तरी बरीच ऊब राखते.

आणि विकत काहीच घ्यायचं नसेल तर जुन्या लुगड्याची दुसरी झोळी पहिलीच्या खाली सैल बांधावी आणि मधल्या जागेत तणस किंवा वाळका पाला भरावा. बाहेरून वारा अडवायला युरियाच्या रिकाम्या पोत्यांचं कापड शिवून लावलं तर ही व्यवस्था महागड्या रजईच्या जवळपास जाते. मामाजींनी देऊ केलेला भारा पुरून उरला असता.

ज्या मुलखातून हॅमॉक जगभर गेला तिथल्या लोकांनाही हे ठाऊक होतं. हान्स स्टाडेन हा जर्मन माणूस ब्राझीलमध्ये तुपिनांबा लोकांच्या कैदेत राहिला आणि १५५७मध्ये त्याने आपली हकिगत छापली. सुती झोळीत झोपणारी ती माणसं रात्रभर जवळ विस्तव जागता ठेवत, असं त्याने लिहून ठेवलं. उष्ण कटिबंधातल्या जंगलातही पहाटे पाठ गारठते. सुताच्या झोळीला तो विस्तव चालत असे. नायलॉनच्या हॅमॉकखाली निखारे ठेवण्याचा मोह मात्र कुणी करू नये. ठिणगी पडली की नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

रात्री ११:४० — सात तास दहा मिनिटं आधी

पहिल्यांदा जाग. माकडहाड आणि कुल्ले बर्फासारखे. तो कुशीवर वळतो. आता नितंबाचं हाड आणि खांदा, म्हणजे कमी जागेवर तेवढंच ओझं, बॅग तिथे आणखी चपटी. दहा मिनिटांत पुन्हा पाठीवर.

रात्री १२:३० — सहा तास वीस मिनिटं आधी

८ अंश. बॅगेच्या बाहेरच्या कापडावर दव.

रात्री १:५० — पाच तास आधी

हुडहुडी भरली आहे, दात वाजतात. ही शरीराची शेवटची सक्षम तजवीज. स्नायू थरथरून विश्रांतीच्या काही पट उष्णता तयार करतात. पण त्याला इंधन लागतं, आणि ते दुपारीच संपत आलं होतं.

तरी या वेळी सगळं हातात आहे. डोकं शाबूत आहे, बोटं चालतात. पुंजण्यापाशी तणसाचा भारा पडला आहे, चाळीसएक पावलांवर. हॅमॉक सोडून त्या तणसात बॅगेसकट घुसला तर अर्ध्या तासात ऊब येईल. मामाजींचं घर अर्ध्या किलोमीटरवर आहे. पिशवीत गुळाची चिक्की आहे, स्टीलची बाटली आहे. चार काटक्या पेटवून पाणी तापवलं आणि बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरली तर तीन तास निघतात.

तो उठून पिशवी उघडतो. रेनकोट, उरलेले कपडे, ताडपत्री, सगळं बाहेर काढतो आणि सगळं अंगावर घेतो. पाठीखाली एकही वस्तू जात नाही. थंडी वाजली की पांघरायचं, हे आपल्या हातापायांत इतकं भिनलेलं आहे की खालून गळणारी ऊबही आपण वरून झाकायला जातो. तो रेनकोट घडी करून कमरेखाली आणि ताडपत्री हॅमॉकच्या खालून वाऱ्याआड बांधली असती तरी ही रात्र नुसती वाईट झोपेची रात्र झाली असती.

हे स्पष्ट सांगायला हवं की पाचसहा अंशांत कोरडा, पोटभर जेवलेला, धडधाकट माणूस सहसा मरत नाही. तो जागा राहतो, शिव्या घालतो आणि सकाळी चहा पितो. या तरुणाच्या बाबतीत घाम, भूक, दारू, दव आणि उघडी पाठ यांची बेरीज झाली आहे. त्यातली पाठ सोडून बाकी कशाचाही त्याला संशय नाही, आणि पाठीचं कारण तो बॅगेत शोधतो आहे.

पहाटे ३:१० — तीन तास चाळीस मिनिटं आधी

जोराची लघवी लागते. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त मधल्या भागात गोळा होतं, मूत्रपिंडांना ते जास्त झालेलं वाटतं आणि ती पाणी बाहेर टाकू लागतात. बॅगेची चेन उघडायला वेळ लागतो. परत आल्यावर ती लागतच नाही, बोटं ऐकत नाहीत. बॅग अर्धी उघडी राहते. शरीराचं आतलं तापमान आता ३५ अंशांच्या आसपास. वैद्यकाच्या भाषेत इथून हायपोथर्मिया सुरू होतो.

मोबाइलमध्ये मामाजींचा नंबर आहे. त्यांना एवढ्या रात्री कशाला उठवायचं, असा विचार तो करतो. त्या रात्रीतला त्याचा हा शेवटचा सुसंगत विचार, आणि तो दुसऱ्याच्या झोपेचा आहे.

पहाटे ४:३० — दोन तास वीस मिनिटं आधी

पहाटेच्या या वेळी निरोगी माणसाचंही तापमान चोवीस तासांतल्या तळाला असतं. हवा ५ अंश. तलावाकडून बांधीत मंद झुळूक उतरते आहे.

हुडहुडी कमी होते. त्याला वाटतं, सवय झाली. खरं तर इंधन संपत आलं आहे आणि आतलं तापमान ३३कडे चाललं आहे. या टप्प्यावरच्या माणसाला ओळखायच्या खुणा गिर्यारोहकांना पाठ असतात: बोलणं जड, हातातून वस्तू पडणं, पाय अडखळणं, चिडचिड, आणि आपल्याला काही झालेलं नाही हा ठाम आग्रह. सोबत दुसरं कुणी असतं तर त्याच्या हे ध्यानात आलं असतं. एकट्या माणसाला स्वतःत हे दिसत नाही, कारण ज्या मेंदूने ते बघायचं तोच थंड पडलेला असतो. सायंकाळी पावणेपाच वाजता खाली तणस घालायचं ठरवायला एक मिनिट लागलं असतं. साडेचार वाजता चाळीस पावलांवरचा भारा त्याला आठवतही नाही.

पहाटे ५:३५ — एक तास पंधरा मिनिटं आधी

तो उतरतो. घराकडे जायचं त्याने ठरवलं आहे, किंवा पायांनी ठरवलं आहे. बूट घातलेले नाहीत, टॉर्च हॅमॉकमध्येच राहिला. बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालताना तोल जातो आणि तो पऱ्ह्याच्या बांधीत कोसळतो. पाणी वीतभरही नाही, त्याखाली चिखल. उठतो, पुन्हा बसतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. रात्रभर पाठ ज्या वेगाने ऊब घालवत होती, त्याहून कितीतरी वेगाने ती आता जाणार आहे.

तो कसाबसा धुऱ्याला टेकतो. थोड्या वेळाने अंगातलं जॅकेट काढून टाकतो. गारठून मरणारी माणसं अखेरीला कपडे काढू लागतात. आवळून धरलेल्या रक्तवाहिन्या दमून एकदम सैल पडतात, कातडीकडे रक्त धावतं आणि अंगाची आग झाल्यासारखी वाटते. डोंगरात असे देह अर्धे उघडे सापडतात तेव्हा लोक भलतेच संशय घेतात. त्यामागे एवढंच असतं.

सकाळी ६:२५ — पंचवीस मिनिटं आधी

मामाजी आणि त्यांचा मुलगा पऱ्ह्याचं पाणी बघायला येतात. अजून सूर्य उगवायचा आहे, आणि पाऱ्याचा नीचांकही सूर्योदयाच्या आसपासच येतो. तरुण ओठ निळे, श्वास अगदी सावकाश असा पडलेला. थरथर नाही. हाक मारली तर कण्हतो. आतलं तापमान ३० अंशांच्या खाली गेलं आहे.

सकाळी ६:३५ — पंधरा मिनिटं आधी

दोघं ते करतात जे कुणीही प्रेमाने करेल. त्याला काखेत हात घालून उभा करतात, चालवायला बघतात. तळवे, पोटऱ्या जोरात चोळतात. बांधावर शेकोटी पेटवून तिच्यापाशी बसवतात. मुलगा चहा आणायला पळतो.

इतक्या गारठलेल्या शरीरात हातापायांतलं रक्त छातीतल्या रक्ताहून कितीतरी थंड असतं. चोळलं, चालवलं की ते हृदयाकडे परततं. उभं केलं की रक्तदाब कोसळतो. तीस अंशांखालचं हृदय अतिशय हळवं झालेलं असतं, एखाद्या हिसक्यानेही त्याची लय बिघडू शकते.

सकाळी ६:५०

मान कलते. नाडी लागत नाही. हृदयाचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत आहेत.

त्या पंधरा मिनिटांत करायचं होतं ते असं. त्याला आडवाच ठेवायचं आणि आडवाच उचलायचं, चौघांनी, चादरीत घालून. आधी पाठीखाली तणसाचा जाड थर, कारण जमिनीवर ठेवलेला रोगीही खालूनच गारठत राहतो. ओले कपडे ओढून काढायचे नाहीत, कापायचे. कोरडी घोंगडी, तिच्यावर वारा अडवायला ताडपत्री, डोकं आणि मान झाकलेली. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत आणि छातीला, हातापायांना नाही. चोळणं नाही, दारू नाही. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात चहाचा घोटही नाही. आणि पहिल्या क्षणी १०८ला फोन.

आता नाडी लागत नाही तेव्हाही, गारठलेल्या माणसाची नाडी आणि श्वास पूर्ण मिनिटभर शोधायचा, कारण तो फार मंद असू शकतो. नसेल तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि थकल्यावर माणूस बदलायचा. २० मे १९९९ला नॉर्वेत नार्विकजवळ ॲना बोगेनहोल्म ही डॉक्टर स्कीइंग करताना बर्फाखालच्या ओढ्यात अडकली. तिच्या शरीराचं तापमान १३.७ अंशांवर गेलं होतं आणि हृदय थांबलं होतं. तिला बाहेर काढल्यापासून सहकाऱ्यांनी छाती दाबणं थांबवलं नाही. यंत्राने रक्त शरीराबाहेर तापवलं गेलं आणि ती जगली, पुढे तिच्यावर उपचार झाले त्याच इस्पितळात काम करू लागली. थंड मेंदूला प्राणवायू कमी लागतो, म्हणून तो जास्त काळ तग धरतो. त्यामुळे थंडीने निपचित पडलेला माणूस पुन्हा गरम केल्यावरही हृदय सुरू झालं नाही तरच डॉक्टर सहसा त्याला मृत ठरवतात. तोवर ॲम्ब्युलन्समध्ये, साकोलीच्या रुग्णालयाच्या दारात आणि तिथून पुढे भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या वाटेवर छाती दाबत राहायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि पाठीखालची घोंगडी निघू द्यायची नाही.